एल आकाराचा सोफा आणि सहावा स्लॅब

पुनावळ्याला आमचा फ्लॅट होतो आहे. मजला अकरावा. सध्या सहावा स्लॅब झाला आहे, त्यामुळे आमचा दिवाणखाना जिथे येणार तिथून आज घारी जातात. घारींची हरकत नाही, घरात भांडणं मात्र सुरू झाली आहेत.

सगळा दोष त्या सॅम्पल फ्लॅटचा. बुकिंगच्या दिवशी आम्हाला तिथे फिरवलं आणि आमची मती गेली. त्या घराला दारंच नव्हती, त्यामुळे सगळं कसं ऐसपैस. एका भिंतीला आख्खा आरसा, म्हणजे हॉल दुप्पट. फॅन नाही, फ्रीजची वायर नाही, सिलिंडर नाही. केरसुणी ठेवायला जागा नाही, कारण त्या घरात केर काढायची वेळच कोणावर येत नाही. ओट्यावर काचेच्या वाडग्यात लिंबं होती. मी एक दाबून पाहिलं, प्लास्टिकचं निघालं. मास्टर बेडरूममधला पलंग बघून माझ्या नवऱ्याने "आडवा होऊन बघू का?" विचारलं, तर सेल्सची मुलगी घाईघाईने म्हणाली, "सर, फक्त बसा." बाजारातली गादी सहा-साडेसहा फूट लांब असते. तो पलंग कोणा शाळकरी मुलाच्या मापाचा असावा.

तेव्हापासून आमच्याकडे रोज सजावट चालते. ब्रोशरमधल्या नकाशावर सोफा, टेबल, कुंड्या सगळं काढलेलं आहे आणि त्यात माणसं आरामात फिरू शकतील असं वाटतं. पण नकाशातला सोफा कुठल्या मापाचा, हे बिल्डरलाही सांगता येत नाही. बिल्डरांना शिस्त लावणाऱ्या रेराच्या कायद्यामुळे कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, तेवढा लेखी मिळाला. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो कायदा बारकाईने वाचला आणि जाहीर केलं की कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते. म्हणजे भिंतीच्या पोटातल्या जागेचेही पैसे आपण भरले. तिथे काय ठेवायचं, यावर ते अजून विचार करताहेत.

शेवटी लेकीने खडू आणला आणि आम्ही भाड्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आख्खा फ्लॅट खऱ्या मापात आखला. अडचण एवढीच की मास्टर बेडरूममध्ये तळमजल्यावरच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. त्या उचलायला तयार नव्हत्या. "तुमचं घर अजून दोन वर्षांनी, माझ्या कुरडया आजच्या," हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

लेक हॉलमधून थेट किचनमध्ये उडी मारायला लागली, तर आई ओरडल्या, "अगं, भिंत आहे तिथे!" आईंनी स्वतः शेवटपर्यंत एकही भिंत ओलांडली नाही, दारातूनच ये-जा केली. बाबा सावली बघून खुर्ची टाकून बसले.

"बाबा, तुम्ही टॉयलेटमध्ये बसलात."

"मग दार लावून घ्या," म्हणाले आणि पेपर उघडला.

खरी ठिणगी पडली ती देवघरावरून. मोबाइलमधल्या होकायंत्रानुसार ईशान्येला येत होती ड्राय बाल्कनी. तिथे नळ आणि निचरा, म्हणजे वॉशिंग मशीन तिथेच. आईंनी आधी होकायंत्र चुकीचं ठरवलं, मग आर्किटेक्टला, मग मला. मी काही बोलले नाही. नकाशावर सही नवऱ्याची आहे.

मध्यंतरी एका इंटिरियर डिझायनरलाही बोलावलं. त्याने थ्रीडी चित्रं पाठवली. पांढरा सोफा, पांढरा गालिचा, आणि खिडकीबाहेर समुद्र. पुनावळ्यातून! आई म्हणाल्या, "हे घ्या, मग देवघर कुठेही चालेल." त्यापेक्षा सुतार बरा. त्याने गच्चीवरच्या रेघा पाहिल्या, पान तोंडात सरकवलं आणि म्हणाला, "भाभी, पहले दीवार तो बनने दो. प्लास्टर के बाद माप लेंगे." एवढं शहाणं वाक्य या सगळ्या प्रकरणात दुसरं कोणी बोललेलं नाही.

पण ते ऐकायच्या आधीच नवऱ्याने दिवाळीच्या सेलमध्ये एल आकाराचा सोफा घेऊन टाकला होता. दुकानदाराने विचारलं होतं, "एल डावा की उजवा?" आता डावा म्हणजे सोफ्यावर बसणाऱ्याचा की समोर उभं राहून बघणाऱ्याचा? नवरा आत्मविश्वासाने "डावा" म्हणाला. खडूच्या हॉलमध्ये तो खडूनेच आखून पाहिला, तर एलचं शेपूट नेमकं बाल्कनीच्या दारात येतं. सोफा परत घेत नाहीत. भाड्याच्या घरात तो जिन्यातच अडकला, म्हणून चिंचवडला दिरांकडे ठेवला. त्यांच्या हॉलमध्ये तो असा चपखल बसला की जणू तिथलं माप घेऊनच बनवला होता.

इकडे दर स्लॅबला बिल्डरचं हप्ता मागणारं डिमांड लेटर येतं, वर पाच टक्के जीएसटी, आणि सजावटीच्या बजेटमधलं एकेक सामान गळतं. झुंबर गेलं, फॉल्स सिलिंग गेलं. तिकडे जाऊबाईंनी सोफ्याला मापाची कव्हरं शिवून घेतली, शेजारी साजेसा टीपॉय घेतला. परवा फोनवर त्यांनी विचारलं, "पझेशनचं काय म्हणतात गं?"

मी म्हटलं, "सहा महिने लांबेल म्हणतात."

"अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "सहाच?"