गरीब मेलात तर तुमचीच चूक? मग माझ्या केट्यांचं काय

दर दोन-तीन महिन्यांनी तो फोटो आमच्या शाळेच्या ग्रुपवर येतोच. "गरीब जन्माला आलात ही तुमची चूक नाही, पण गरीब मेलात तर ती शंभर टक्के तुमचीच चूक." वर बिल गेट्सचा हसरा चेहरा, आणि खाली कुणीतरी चिकटवलेले मुद्दे: मेहनत करा, बचत करा, धीर धरा, कलामांकडे बघा, आणि शेवटी सगळ्यांना सारखे पैसे वाटले तरी पाच वर्षांत ते परत जिथल्या तिथंच जाणार म्हणून. एरवी मी बघून सोडून देतो पण यावेळी टाकणारा माझा जुना बाकावरचा दोस्त निघाला, शेजारच्याच गावचा, आता पुण्यात दोन फ्लॅट असलेला, आणि खाली धडाधड अंगठे पडायला लागले, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू.

आधी फोटोतल्या माणसाचंच बघू. गेट्सचे वडील सिएटलमधले मोठे वकील. पोरगा लेकसाइड नावाच्या खासगी शाळेत, आणि १९६८ साली त्या शाळेतल्या मुलांच्या आयांच्या मंडळानं जुन्या वस्तूंची विक्री करून पोरांसाठी कॉम्प्युटरचं टर्मिनल आणि त्यावरचा वेळ घेऊन दिला. १९६८! आपल्याकडं तेव्हा बऱ्याच गावांत लाईटचा खांब आला नव्हता. पुढं आयबीएम या बड्या कॉम्प्युटर कंपनीचं काम गेट्सच्या मायक्रोसॉफ्टला मिळालं तेव्हा गेट्सची आई आणि आयबीएमचे प्रमुख जॉन ओपेल हे युनायटेड वे या धर्मादाय संस्थेच्या बोर्डावर एकत्र होते. माणूस हुशारच, मेहनतीही, त्यात वादच नाही. पण हार्वर्ड अर्ध्यात सोडताना 'नाहीच जमलं तर परत येऊ' असं म्हणता येणं ही हुशारी नाही, ती घरची परिस्थिती आहे.

आता मेहनत. हा मुद्दा माझ्यासमोर वाळवा तालुक्यात, सांगलीच्या ऊसपट्ट्यात, वाढलेल्या माणसानं काढू नये एवढंच म्हणणं आहे. अरे, दिवाळी झाली की आपल्या शिवारात बीडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरायच्या, आठवतंय का? आमच्या विहिरीजवळच्या पडीक तुकड्यात त्यांच्या कोपी, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडायच्या. पहाटे तीनला चुली पेटायच्या, मी बोर्डाचा अभ्यास करायला म्हणून उठवला जायचो तेव्हा फडात कोयत्याचा आवाज चालू झालेला असायचा. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे हिशोबात दोन माणसं एकच. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणार, मग परत येऊन भाकरी तिनंच थापायच्या.

आता आकडे घे. २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला साधारण ३६६ रुपये. चांगली तगडी जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरू, म्हणजे दोघांचे मिळून ७३२. पण हे हातात येत नाहीत, कारण हंगामाच्या आधीच मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, घरात लग्न असतं, आजारपण असतं, नाहीतर गेल्या वर्षीचंच फिटलेलं नसतं. समजा उचल एक लाख. भाग देऊन बघ, १३७ दिवस लागतात नुसती ती फेडायला, तेही रोज दोन टन आणि एकही खाडा (सुट्टी) न करता. हंगामच पाच-एक महिन्यांचा. एक दिवस ताप आला तर मजुरी बुडते ती बुडते, वर खाड्याचा दंड कापतात. २०१९ ला सरकारी समितीनं बीडमधल्या ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि दुखणं घेऊन गेलं की ऑपरेशनच सांगणारे डॉक्टर. हे आळशी लोक आहेत का? यांना कुणी मेहनतीचे व्हिडिओ पाठवायचे?

बरं माझी मेहनत सांगतो. इंजिनियरिंगला एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, मी दोनदा उडालो (नापास झालेला विषय पुढं ओढायचा, त्यालाच केटी म्हणतात), मग वायडी लागला, म्हणजे पुढच्या वर्षात प्रवेशच नाही, एक अख्खं वर्ष रूमवर झोपून काढलं. वडिलांनी चार दिवस बोलणं टाकलं आणि मग उसाचं बिल आलं तशी फी भरली. विषय संपला. आज माझ्या सीव्हीवर ते वर्ष दिसतही नाही. आमच्या विहिरीजवळच्या कोपीतला माझ्याच वयाचा एक पोरगा होता, माझी भूमितीची वही घेऊन बसायचा आणि प्रमेयं माझ्याआधी सोडवायचा, खोटं नाही सांगत. तो सातवीत पहिला आला होता म्हणे त्याच्या गावात. पण शाळा जून ते दिवाळी, मग एप्रिलपर्यंत आमच्या शिवारात, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधत आणि धाकट्या बहिणीला सांभाळत. दोन वर्षांनी आला तेव्हा स्वतःच कोयता झालेला, म्हणजे लग्न लावून दिलेलं, वय असेल सतरा. त्याला वायडी परवडला नसता. आमच्या दोघांत फरक काय तर मला चुकायची ऐपत होती, आणि ती माझी कमाई नव्हती.

बचतीचं बोलू. "खायला नाही आणि हातात स्मार्टफोन." अरे बाबा लाडकी बहीणचं केवायसी फोनवरच्या ओटीपीशिवाय होत नव्हतं, ओटीपी काय कपाळावर येणारे का? आणि गरिबाला तीच गोष्ट महाग पडते हे कुणी बघतच नाही. तुझं आणि माझं होमलोन दहा टक्क्यांच्या आत, तेही वर्षाला. माझ्याकडं घरकामाला येणाऱ्या मावशींनी पोराच्या ऑपरेशनला पैसे उचलले ते शेकडा पाचनं, महिन्याला, म्हणजे वर्षाला साठ टक्के. त्या दर महिन्याला व्याज देतात, मुद्दल तिथंच. आता त्यांनी चहा सोडला की वडापाव सोडला म्हणजे ते फिटणार ते सांग. उलट बघितलं तर त्यांच्याइतका पै-पैचा हिशोब ठेवणारं माणूस आपल्या ग्रुपात एक नाही, भिशीचे हप्ते, किराण्याची उधारी, सगळं तोंडपाठ.

"पण गरीब लोक निर्णयच चुकीचे घेतात" असंही त्यात लिहिलंय. यावर एक जबरदस्त अभ्यास आहे, तोही ऊसवाल्यांवरच. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी घेतली, एकदा तोडणीच्या आधी हात रिकामे असताना आणि एकदा बिल मिळाल्यावर. तीच माणसं, तोच मेंदू. पैसे नसताना गुण कमी, पैसे आल्यावर जास्त. २०१३ साली 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलंय. म्हणजे डोकं कमी म्हणून पैसा नाही असं आपण म्हणतो, पण पैशाच्या घोरानंच डोकं अडकून पडतं. उसाचं बिल थकलं की आपल्याच घरात कशी भांडणं व्हायची ते आठव, पटेल.

धीराचा मुद्दा, तो मार्शमेलोचा व्हिडिओ. लहान पोरांसमोर एक गोड गोळी (मार्शमेलो) ठेवायची, थोडा वेळ न खाता थांबलास तर दुसरी देऊ म्हणायचं, आणि जे पोरगं थांबलं ते पुढं यशस्वी झालं वगैरे. २०१८ ला हाच प्रयोग ९०० च्या वर मुलांच्या माहितीवरून परत तपासला, घरची परिस्थिती आणि आईचं शिक्षण हिशोबात धरलं, आणि तो संबंध बराचसा विरून गेला. सोपंय. ज्याच्या घरी उद्याचा डबा भरलेला असतो ते पोर थांबतं. जिथं नंतर मिळेल हे सांगणाऱ्यावर भरवसाच नाही तिथं आत्ता खाणं हाच शहाणपणा.

कलाम. कलामांनी पेपर टाकले हे खरं. पण मद्रासच्या एमआयटीत प्रवेशाचे पैसे नव्हते तेव्हा बहिणीनं सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली होती हे त्या फॉरवर्डमध्ये कधी नसतं. आणि पुढची नोकरी डीआरडीओ आणि इस्रो, दोन्ही सरकारी. एक कलाम दाखवून बाकीच्यांना गप्प करायचं असेल तर ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेचा २०१८ चा हिशोब पण टाक की, तळातल्या घराला सरासरी उत्पन्नापर्यंत यायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या लागतात आणि भारतात सात.

आणि तो शेवटचा, "सारखं वाटलं तरी पाच वर्षांत जिथल्या तिथं." हा ठोकून देणाऱ्या मित्रा, तुझ्याचसाठी लिहितोय. आपल्याकडं थोडंफार वाटून झालंय. १ एप्रिल १९५७, कूळकायदा, कसेल त्याची जमीन. फुकट नव्हती, सरकारनं ठरवलेली किंमत हप्त्यानं भरायची होती, आणि सगळ्यांना मिळालीही नाही, कायदा येतोय म्हटल्यावर मालकांनी कितीतरी कुळं आधीच उठवली आणि ज्यांच्याकडं कसायलाही जमीन नव्हती त्यांच्या हातात काहीच पडलं नाही. पण ज्यांना मिळाली त्यांची पाच वर्षांनी, १९६२ ला, परत मालकाकडं गेली का? तुझे आजोबा एका इनामदाराची चार एकर खंडानं (भाड्यानं) कसत होते. ती नावावर झाली, मग विहीर झाली, कारखान्याचा शेअर झाला, तुझे वडील मास्तर झाले आणि तू कॉम्प्युटरला गेलास. दहावीच्या सुट्टीत तुझ्या घरी आजींनी लोखंडी पेटीतून ३२ म चं, म्हणजे जमीन कुळाची झाल्याचं, सर्टिफिकेट काढून दाखवलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि घडीवर फाटत चाललंय म्हणून आपल्या दोघांना लॅमिनेट करून आणायला पाठवलेलं. केलं का रे ते शेवटी? आपण त्या पैशांचं कोल्ड्रिंक प्यायलो होतो.