बारा सूर्यनमस्कारांवर किती भार टाकायचा?

21 जूनचा योगदिन जवळ आला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश न चुकता फिरू लागतो. त्यातले तपशील दरवर्षी थोडेफार बदलतात, पण सार तेच राहते. मुलाने रोज बारा सूर्यनमस्कार घातले तर त्याला मैदानाची गरज उरत नाही, त्याची उंची वाढते, शीर्षासनाने बुद्धी तल्लख होते, त्राटकाने, म्हणजे ज्योतीकडे एकटक पाहण्याने, चष्मा जातो, प्राणायामाने दम्याचा पंप सुटतो, आणि हे सारे ऋषिमुनींनी सांगितलेले असल्याने त्याची परीक्षा घेण्याचे कारण नाही. शाळेत योगासने शिकवली जावीत याच मताचा मी आहे आणि म्हणूनच हा संदेश मला अधिक खटकतो. कारण वर्षभरात चष्मा गेला नाही की पालक त्राटकाबरोबर आसनांवरचा विश्वासही सोडून देतात.

सर्वांत जास्त मुलांचे नुकसान पहिल्या दाव्याने होते, कारण तो हाताशी असला की खेळाचा तास गणिताला देऊन टाकणे शाळेला सोपे जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात धाप लागेल असा, तसेच स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम असावा. बारा सूर्यनमस्कार मध्यम गतीने घातले तर पाच-सहा मिनिटांत आटोपतात. शिवाय वाढत्या हाडांना धावण्यातून आणि उडी मारून जमिनीवर आदळण्यातून जो भार मिळतो, तो लंगडी, खो-खो किंवा दोरीच्या उड्या देतात. संथ आसने तसा देत नाहीत. हे केवळ योगाबाहेरचे लोक म्हणतात असेही नाही. हरिद्वारच्या पतंजली संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 8 ते 13 वर्षांच्या 98 मुलांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करून एका गटाला तीन महिने योग आणि दुसऱ्याला शारीरिक व्यायाम दिला होता. लाभ दोन्ही गटांना झाला. मात्र समवयस्कांमध्ये वावरताना स्वतःबद्दल वाटणाऱ्या आत्मसन्मानाच्या बाबतीत व्यायामाचा गट पुढे राहिला. दोन्ही गोष्टी शाळेच्या दिनक्रमात असाव्यात, असाच त्यातून निघणारा अर्थ आहे.

याच ठिकाणी योगाच्या बाजूचा एक मुद्दा मांडायला हवा, जो त्या संदेशात कधीच नसतो. कबड्डीचे संघ निवडताना शेवटपर्यंत उभे राहणारे मूल प्रत्येक वर्गात असते; आसनांच्या तासाला त्याला कोणी निवडावे लागत नाही आणि त्याच्यामुळे कोणी हरतही नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदानावर चिखल असतो, तेव्हा व्हरांड्यातही घेता येईल असा दुसरा व्यायाम सहजासहजी सापडत नाही. लवचीकता, तोल आणि श्वासाकडे लक्ष देऊन थोडे शांत बसण्याची सवय हे लाभ लहान वाटले तरी खरे आहेत.

उंचीच्या दाव्यावर फार शब्द खर्चायला नकोत. उंची आनुवंशिकता, आहार आणि संप्रेरके यांवर ठरते आणि किशोरवय सरताना लांब हाडांच्या टोकांकडील वाढीची कूर्चा मिटली की ती थांबते. आसनांनी पोक काढून बसण्याची सवय मोडते, त्यामुळे मूल उंच दिसू लागते, एवढेच.

शीर्षासनात मेंदूकडे जास्त रक्त जाते आणि त्यामुळे स्मरणशक्ती वाढते, हे ऐकायला तर्कशुद्ध वाटते. परंतु शरीराची स्थिती बदलली तरी मेंदूचा रक्तपुरवठा जवळजवळ स्थिर राहावा म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या स्वतःच आकुंचन-प्रसरण पावत असतात. नळ जास्त सोडला की बादली लवकर भरते, असा हा मामला नाही. वाढतो तो डोळ्यांतला दाब, आणि तो सुमारे दुप्पट होतो असे भारतातच केलेल्या मोजमापांत दिसले आहे. मानेवर येणारा भार वेगळाच. चाळीस मुले आणि एक शिक्षक अशा तासाला हे आसन घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चष्म्याचे प्रकरण अधिक विचार करण्याजोगे आहे. मुलांमध्ये वाढत चाललेला ऱ्हस्वदृष्टीचा दोष बहुतांशी नेत्रगोल लांबट झाल्याने येतो; प्रकाशकिरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि दूरचे अंधुक दिसते. दिव्याच्या ज्योतीकडे एकटक पाहिल्याने एकाग्रतेचा सराव होईल, पण लांबलेला नेत्रगोल आखूड होणार नाही, आणि चष्मा काढून ठेवलेल्या मुलाला फळा दिसणार नाही. उपयोग कशाचा होतो, हे चीनमधील ग्वांगझू येथे तपासले गेले. तिथे काही शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज 40 मिनिटे जादा उघड्यावर नेले. तीन वर्षांत त्यांपैकी 30.4 टक्के मुलांत हा दोष निर्माण झाला, तर नेहमीप्रमाणेच चाललेल्या शाळांत तो 39.5 टक्के मुलांत निर्माण झाला. हे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या मैदानाची गरज नाही असे संदेश सांगतो, तेच मैदान डोळ्यांच्या कामाचे आहे. सूर्यनमस्कार घालायचेच असतील तर ते सभागृहात न घेता उघड्यावर घ्यावेत.

परंपरेची परीक्षा घेऊ नये, हे म्हणणे निदान महाराष्ट्रात तरी शोभत नाही. शाळकरी मुलांमध्ये सूर्यनमस्कार रुजवण्यासाठी झटलेले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी त्यांचा प्रचार रोजचा व्यायाम म्हणून करत होते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या स्नायूंच्या यौगिक क्रिया करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या आणि दाबमापकाच्या साहाय्याने तपासले. योगावर श्रद्धा असणाऱ्या या संन्याशाला मोजमापाचे वावडे नव्हते.

पंपाचा दावा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण इथे चूक झाली तर ती जिवावर बेतते. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. रोजचा प्रतिबंधक पंप ती सूज आटोक्यात ठेवतो आणि झटका आला की तातडीचा पंप आवळलेल्या नलिका मोकळ्या करतो. दम्यातील योगाच्या उपयोगावर 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेने (कॉक्रेन ही वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था) 15 प्रयोगांतल्या 1,048 व्यक्तींची माहिती तपासली. लक्षणांत आणि जीवनमानात थोडी सुधारणा होत असावी, असे तिला आढळले. पंप बंद करावा, असा निष्कर्ष तिने काढलेला नाही. दम्याच्या मुलाने अनुलोम-विलोम जरूर करावा, पण औषधाची मात्रा कमी करायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे. तातडीचा पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात असावा, आणि तो तिथे आहे हे योगाचा तास घेणाऱ्या शिक्षकांना ठाऊक असावे.