इंडेक्स टूवर नाव आलं म्हणजे मालकी पक्की झाली?

घर घेणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सतत फिरतोय. त्याचा सारांश असा: महाराष्ट्रात आता सगळं ऑनलाइन झालंय, त्यामुळे दस्ताची नोंदणी होऊन इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडून मिळणाऱ्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर, नाव आलं की मालकी पक्की. कागद नोंदणी कार्यालयात तपासले जातातच, वर बँक कर्ज देताना पुन्हा तपासते, म्हणून सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदी तपासून केलेला अहवाल) आणि वकिलाची फी हा वाया जाणारा पैसा. खाली काही जोड-सल्लेही आहेत. शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव तो मालक. पॉवर ऑफ ॲटर्नीवर घर घेतलं तर मुद्रांक शुल्क वाचतं. सोसायटीच्या एनओसीशिवाय नोंदणी होत नाही. सोसायटी स्थापन झाली की इमारतीखालची जमीन आपोआप सोसायटीची होते.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचं कर्ज एका व्यवहारात घालणारी माणसं हे वाचून निर्णय घेताहेत, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करतो. नोंदणीशिवाय घराची विक्री होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, म्हणजे आजचं प्रत्येक घर त्यात आलं. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला दाखल करावा लागतो. उशीर झाला तर आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून तो दाखल करता येतो, आणि हा दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. नोटरीच्या शिक्क्यावर घर घेतलंय असं कोणी म्हणत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने त्याने अजून घर घेतलेलंच नाही. नोटरी सही कोणाची एवढंच सांगतो.

नोंदणी लागते हे खरं, पण तेवढ्याने मालकी पक्की होते हे चुकीचं आहे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात काय पाहिलं जातं? समोरचा माणूस तोच आहे का, सही आपलीच असल्याचं तो कबूल करतो का, मुद्रांक शुल्क बरोबर भरलंय का, मिळकतीचं वर्णन ओळखता येण्यासारखं आहे का, काही व्यवहारांना सरकारी परवानगी लागते ती जोडली आहे का. फोटो निघतो, अंगठा घेतला जातो. पण विकणारा खरोखर मालक आहे का, याचा निवाडा करणं निबंधकांच्या अधिकारात नाही. तमिळनाडूने नियम करून तसा अधिकार देऊन पाहिला होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये के. गोपी प्रकरणात तो नियम रद्द ठरवला, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात निबंधकाला मालकी तपासण्याचा अधिकारच नाही. ज्याची मालकी नाही अशा माणसाने दस्त करून दिला आणि बाकीची पूर्तता असली, तरी तो नोंदवला जातो. तुमच्या दस्तावरचा शिक्का हा तुम्ही व्यवहार केल्याचा पुरावा आहे. विकणाऱ्याकडे विकायला काही होतं का, हे तो सांगत नाही.

खात्री करायची तर कुठल्याही इंडेक्स टूची प्रत समोर घ्या. चौदा रकाने आहेत. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मग मिळकतीचं वर्णन, क्षेत्रफळ, आकारणी. सातव्या रकान्यात दस्त लिहून देणाऱ्याचं नाव, आठव्यात लिहून घेणाऱ्याचं. पुढे सह्यांची तारीख, नोंदणीची तारीख, अनुक्रमांक, भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क, शेवटी शेरा. कोणी, कोणाला, कधी, कितीला लिहून दिलं, एवढीच त्या कागदाची मजल. मालक कोण हा प्रश्न चौदापैकी एकाही रकान्यात विचारलेला नाही.

यातून घोटाळा कसा होतो? मला सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार सांगतो. फ्लॅट वडिलांच्या नावावर. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, एक मुलगा, एक मुलगी. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या हिश्श्यात तिघांचा वाटा समान, प्रत्येकी एक तृतीयांश. मुलीचं लग्न होऊन ती परगावी असली तरी तिचा वाटा तसाच राहतो. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव होतं, म्हणून शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर झालं. दोन वर्षांनी त्याने एकट्याने फ्लॅट विकला. दस्त नोंदवला गेला, इंडेक्स टू निघाला, घेणाऱ्याने गृहप्रवेश केला. त्याला मिळालं काय? मुलाचा एक तृतीयांश. जे स्वतःचं नाही ते मुलगा देऊच शकत नव्हता. बहिणीने दावा लावला तर घेणाऱ्याला पैसे पूर्ण देऊनही वाटपाच्या दाव्यात प्रतिवादी व्हावं लागतं.

हे टाळायचा मार्ग अगदी सोपा होता. आई आणि बहीण यांनाही विक्रीच्या दस्तात लिहून देणार म्हणून सहीला बसवायचं, किंवा त्यांच्याकडून आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यायचं. साध्या कागदावरचं संमतीपत्र किंवा ‘आमची काही हरकत नाही’ असं प्रतिज्ञापत्र इथे पुरत नाही, कारण स्थावर मिळकतीतला हक्क सोडणारा दस्तही नोंदवावा लागतो. वारस नेमके कोण याबद्दल शंका असेल तर न्यायालयातून वारस दाखला मागावा. महाराष्ट्रात तो आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो.

शेअर सर्टिफिकेटवर नाव तो मालक, हा सल्ला याच उदाहरणात निकालात निघतो. नॉमिनी हा सोसायटीच्या दृष्टीने पत्रव्यवहाराचा आणि देण्याघेण्याचा माणूस. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात सांगितलं की सोसायटीने नॉमिनीच्या नावे हस्तांतर करावं, पण वारसांना आपला हक्क न्यायालयात मागायची मोकळीक राहते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनेही नॉमिनीला, वारस ठरेपर्यंत, तात्पुरता सभासद असाच दर्जा दिलाय. सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड यांचंही साधारण तसंच. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानतात. फेरफाराने मालकी मिळत नाही किंवा जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय.

मग सर्च रिपोर्ट कशासाठी? नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदी वर्षावर्षाने पाहून मिळकत कोणाकडून कोणाकडे गेली, मध्ये कुठे गहाण, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र झालं का, याची साखळी लावणं हे त्याचं काम. तीस वर्षांचा सर्च घ्यायची पद्धत आहे. कायद्यात तसा आकडा नाही, पण गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत तीस वर्षं असल्याने वकील तिथवर मागे जातात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च मोफत आहे, तो तर प्रत्येकाने करावाच. मात्र जुनी वर्षं सगळ्या जिल्ह्यांची ऑनलाइन नाहीत, आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा सर्व्हे नंबरच्या पोटहिश्श्यात फरक पडला तर नोंद सापडत नाही.

सर्चच्या मर्यादाही माहीत हव्यात, नाहीतर एका आंधळ्या विश्वासातून सुटून दुसऱ्यात अडकायचं. वारसाहक्क कुठलाही दस्त न होता मिळतो, त्यामुळे तो निबंधकांच्या नोंदीत दिसत नाही. मृत्युपत्र नोंदवणं सक्तीचं नाही. मूळ कागद बँकेकडे ठेवून केलेलं गहाण पूर्वी नोंदीत येतच नसे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून त्याची सूचना नोंदणी कार्यालयात दाखल करावी लागते, म्हणून त्याआधीच्या गहाणासाठी मूळ कागद प्रत्यक्ष हातात घेऊन पाहणं हाच उपाय. विकणारा मूळ करारनामा दाखवायला टाळाटाळ करत असेल, फक्त झेरॉक्स पुढे करत असेल, तर तिथेच थांबा. बँकांनी नोंदवलेली गहाणं सेरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून कोणालाही पाहता येतात. साखळीतला प्रत्येक जुना करारनामा मूळ स्वरूपात आणि पूर्ण मुद्रांक भरलेला हवा. मधल्या एका दस्ताला मुद्रांक कमी असेल तर तो न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, आणि दरमहा २ टक्के दंडासकट फरक भरण्याची वेळ पुढच्या मालकावर येते. दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवणं हे नोंदीत न दिसणारे हक्क पुढे यावेत यासाठी असतं. कायद्याची सक्ती नाही, पण परगावच्या बहिणीपर्यंत बातमी जाण्याची ती एक तरी संधी असते.

बँकेने तपासलं म्हणजे झालं, ही समजूत फार पसरलीय, आणि तिच्या भरवशावर अनेकजण स्वतःचा वकील लावत नाहीत. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी अहवाल देतो. बऱ्याचदा तो अहवाल तुम्हाला दाखवलाही जात नाही. बँकेचा धोका कर्जाच्या रकमेपुरता, आणि ती रक्कम वसूल करायला तिच्याकडे तुमची सही आहे. उद्या मालकीच्या दाव्यात घर गेलं तरी कर्जाचे हप्ते तुमच्याच नावावर राहतात. बँकेने कर्ज नाकारलं तर तो धोक्याचा इशारा समजावा. तिने कर्ज दिलं म्हणून तुमची तपासणी झाली असं होत नाही.

पॉवर ऑफ ॲटर्नीचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. सूरज लॅम्प प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की विक्रीचा करार, जनरल पॉवर ऑफ ॲटर्नी आणि मृत्युपत्र या तिन्ही कागदांच्या जोडीने मालकी हस्तांतरित होत नाही. वाचवलेल्या मुद्रांक शुल्कात नेमकी मालकीच जाते. परदेशातल्या मालकाने दस्तावर सही करायला भावाला अधिकारपत्र दिलं तर ते चालतं, तो वेगळा विषय. तिथेही अधिकारपत्र देणारा हयात आहे का, त्याने ते रद्द केलंय का, हे व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोलून दस्ताच्या दिवशी पाहून घ्या. देणारा गेला की सहसा अधिकारपत्रही संपतं.

एनओसीचा मुद्दा लहान आहे. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅट विकायला सोसायटीची परवानगी लागत नाही आणि नोंदणी त्यासाठी अडत नाही. कर्ज देणारी बँक ती मागते, एवढंच. हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. ‘डोनेशन’ म्हणून त्यावर मागितलेला पैसा बेकायदेशीर. थकबाकी नसल्याचं पत्र मात्र विकणाऱ्याकडून घ्याच.

जमीन आपोआप सोसायटीची होते, ही समजूत मोडायला हवी. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी फ्लॅट कायद्याखाली, करारात वेगळी मुदत नसेल तर, सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारतीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी सोसायटीच्या नावे करणारा दस्त) करून द्यायचं असतं. अनेक जुन्या इमारतींत ते कधीच झालेलं नाही. फ्लॅटधारकांकडे करारनामे आहेत, पण प्रॉपर्टी कार्डावर अजून बिल्डर किंवा मूळ जमीनमालक. पुनर्विकासाच्या वेळी वाढीव चटई क्षेत्र कोणाचं, हा वाद तिथेच पेटतो. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्सची) सोय झाली. बिल्डर करत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. जुन्या इमारतीत घर घेताना प्रॉपर्टी कार्ड मागा आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते वाचा. सोसायटीचं नसेल तर व्यवहार मोडायलाच हवा असं नाही, पण किमतीत त्याचा विचार झाला पाहिजे. भोगवटा प्रमाणपत्रही तेव्हाच मागा.

विकणाऱ्यांसाठी संदेशात काहीच नाही, म्हणून थोडं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकीतला जो दोष तुम्हाला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही, तो सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तो लपवणं फसवणूक ठरते. व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेतलीत तर तेवढाच दंड रोख घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर, बसतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घर घेणारा १ टक्का टीडीएस कापून भरतो. तो तुमच्या खात्यात जमा दिसतोय ना, हे पाहा. विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागू नाही. कपात बरीच जास्त असते आणि चुकली तर जबाबदारी घेणाऱ्याची.

आता क्रम. लोक आधी विसार देतात, मग कागद बघतात. नव्या प्रकल्पात रेरा कायद्याचं कलम १३ आहे: नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. जुन्या घराच्या खरेदीत असं संरक्षण नाही, ते विसार पावतीत स्वतःच लिहून घ्यावं लागतं. रक्कम छोटी ठेवा, चेकने द्या, आणि पावतीवर ही अटच लिहा: विकणारा ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ कागद आणि सर्व वारसांच्या सह्या देईल, सर्चमध्ये किंवा जाहीर नोटिशीवर मालकीबद्दल हरकत निघाली आणि ती त्या तारखेपर्यंत मिटली नाही तर विसाराची पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत करील. विकणारा या अटीखाली सही करायला तयार नसेल, तर चेक लिहू नका.