‘पाच लाखांत जपानमध्ये बंगला’ म्हणे!

गेल्या आठवड्यात तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन पडला आणि तेव्हापासून डोकं उठलंय. तुमच्याकडेही आला असेलच. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जपानमध्ये ९० लाख घरं रिकामी पडलीत, सरकार ती फुकट वाटतंय, फार तर पाच लाखांत आख्खा बंगला मिळतो आणि आपण मूर्ख इथे कणकवली-कुडाळात वन बीएचकेला तीस-पस्तीस लाख मोजतो. तिथलं घर आपल्यापेक्षा मोठं, कर्ज अर्ध्या टक्क्याने, घर घेतलं की व्हिसा आपोआप, आणि दहा वर्षांत किंमत दुप्पट. शेवटी ठळक अक्षरात ‘गावचं पडकं घर विका, जपानमध्ये मालक व्हा’ आणि त्याखाली एक मोबाइल नंबर.

एरवी असलं काही आलं की मी पुढे सरकतो. पण डोंबिवलीच्या आमच्या चुलतभावाने ते मनावर घेतलं आणि सरळ काकांना फोन लावून देवगडच्या घरातला माझा हिस्सा मोकळा करून द्या म्हणून विषय काढला. काका त्या घरात एकटेच असतात, पंचाहत्तरी उलटलीय. ते एवढंच म्हणाले, "रे मेल्या, थंय जावन तू करतलस काय?" आणि फोन ठेवला. मग भाऊ माझ्यावर घसरला, तू तरी त्यांना समजाव म्हणून. तर हे घे बाबा, लिहूनच काढतो, म्हणजे ग्रुपवरच्या बाकीच्यांनाही वाचता येईल.

आधी तो ९० लाखांचा आकडा. आकडा खरा आहे, मान्य. जपान सरकार दर पाच वर्षांनी घरांची आणि जमिनीची पाहणी करतं, २०२३ च्या पाहणीत साधारण साडेसहा कोटी घरांपैकी ९० लाख रिकामी निघाली, म्हणजे १३.८ टक्के. पण मेसेज लिहिणारा इथेच थांबला, त्याच पाहणीतली पुढची ओळ त्याने वाचली नाही किंवा मुद्दाम गाळली. त्या ९० लाखांतली ४४ लाखांच्या वर घरं भाड्याने द्यायची आहेत, भाडेकरू मिळेपर्यंत रिकामी. पावणेचार लाखांच्या आसपास सुट्टीत जाऊन राहायची दुसरी घरं. सव्वातीन लाख विकायला काढलेली. ह्यातलं फुकट कुठलं आहे? उरली साडेअडतीस लाख, जिथे बऱ्याचदा म्हातारा मालक गेला किंवा वृद्धाश्रमात आहे आणि मुलं शहरात आहेत. अकिया अकिया (म्हणजे जपानीत रिकामं घर) म्हणून ज्याचे व्हिडिओ फिरतात ती बहुतेक ही घरं. आणि तीसुद्धा सरकारची नाहीत. मालकांची आहेत. गावची नगरपालिका फक्त एक यादी ठेवते, कोणाला घर द्यायचंय आणि कोणाला हवंय त्यांची गाठ घालून द्यायला. काही गावं खरंच जवळजवळ फुकट देतात, टोकियोच्या पश्चिमेला डोंगरात ओकुतामा म्हणून आहे त्याचं नाव बरंच गाजलं होतं, पण तिथे अट ही की तरुण जोडप्याने किंवा मुलाबाळांच्या कुटुंबाने कायमचं राहायला यायचं. गावची शाळा चालू राहावी म्हणून हा खटाटोप. डोंबिवलीत बसून मालक होणाऱ्यासाठी नाही.

आणि मला सांगा, हे ऐकून आपल्या लोकांना नवल का वाटावं? २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. बाकी महाराष्ट्र फुगत होता आणि आपण कमी होत होतो. आमच्या वाडीत गणपतीचे दिवस सोडले तर निम्म्या घरांना कुलूप असतं. उद्या ओसाकातल्या कोणी ‘कोकणात समुद्राकाठी चिरेबंदी घरं ओस पडलीत, चला घेऊया’ असा मेसेज फिरवला तर तो जेवढा खरा असेल तेवढाच हा खरा आहे. तो जपानी माणूस इथे येऊन सातबारा काढेल, त्यावर पंचवीस-तीस नावं बघेल, त्यातली निम्मी माणसं वारलेली, वारसनोंद झालेली नाही, एक आत्या सही करायला तयार नाही, मग त्याला कळेल घर रिकामं असणं आणि घर मिळणं ह्यात काय फरक आहे ते.

तिथेही हेच दुखणं आहे बरं का. वारसांनी नावं न लावल्यामुळे मालकाचा पत्ताच लागत नाही अशी जमीन तिथे एवढी झाली होती की २०१६ सालचा अंदाज ४१ लाख हेक्टरचा होता. पालघर ते सिंधुदुर्ग आख्खा कोकण विभाग त्यात बसेल आणि वर जागा उरेल. शेवटी १ एप्रिल २०२४ पासून त्यांनी वारसनोंद सक्तीची केली, वारसा मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत करायची, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड. हे मात्र आपण उचलायला हरकत नाही.

आता स्वस्त का, ह्याच्याकडे येतो, कारण सगळी गोम इथे आहे. जपानमध्ये किंमत जमिनीला असते, घराला नाही. लाकडी राहत्या घराचं हिशेबातलं आयुष्य २२ वर्षं धरलेलं आहे. मूळ ते घसाऱ्यासाठी ठरवलेलं, पण बाजार आणि बँकाही साधारण तसंच धरून चालतात, वीस-पंचवीस वर्षांनी घराची किंमत शून्याजवळ जाते. आपल्या रेडी रेकनरमध्येही (सरकारी दरतक्ता) जुन्या बांधकामाला घसारा असतो, नाही असं नाही, पण आपल्याकडे जमीनच एवढी चढते की तो कोणाच्या लक्षातही येत नाही. तिथे खेडेगावात जमीनही चढत नाही. १९९१ च्या सुमाराला त्यांचा जमिनीचा फुगा फुटला, त्यानंतर बऱ्याच गावांनी भाव फक्त उतरताना बघितलेत. ‘दहा वर्षांत दुप्पट’ हे ज्याने लिहिलंय त्याने हे कुठल्या गावाबद्दल लिहिलंय ते एकदा सांगावं.

मग मालक घर पाडून जमीन का विकत नाही? कारण पाडायला दहा-वीस लाख येन सहज जातात, आणि कराचंही एक झंझट आहे. जमिनीवर राहतं घर असेल तर पहिल्या २०० चौरस मीटरला जमिनीचा कर एक षष्ठांश मूल्यावर लागतो. घर पाडलं की सवलत गेली. म्हणून लोक घर कोसळेपर्यंत उभं ठेवायचे. २०१५ पासून कायदा आला की धोकादायक झालेल्या रिकाम्या घराची सवलत काढून घ्यायची, २०२३ मध्ये तो आणखी आवळला, नीट न सांभाळलेली घरंही त्यात आली. म्हणजे मालकाच्या गळ्यात हे लोढणं आहे आणि ते तो तुमच्या गळ्यात अडकवायला फुकटही तयार आहे. तुम्ही घेतलंत की तो वर्षाचा कर तुमचा, नंतर पाडायचा खर्चही तुमचा.

आणि मुख्य म्हणजे भूकंप. जून १९८१ मध्ये जपानने बांधकामाचे नियम कडक केले. त्याआधीची घरं आणि नंतरची घरं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पाच लाखांत मिळतात ती बरीचशी आधीची असतात. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, वाजिमा आणि सुझू ह्या गावांतली जुनी लाकडी कौलारू घरं अक्षरशः बसली, वरचं कौलारू छप्पर जसंच्या तसं आणि खालचा मजला गायब, असे फोटो तेव्हा सगळ्यांनी बघितले. नोतो म्हणजे तेच, समुद्रकाठचं, म्हाताऱ्या माणसांचं, पोरं शहरात गेलेलं. असलं घर राहण्यालायक करायला पाया, भिंती, छप्पर, वाळवी, मलनिस्सारण सगळं बघावं लागतं. वाळवी हो, तिथेही आहे. आमच्या काकांना दर मे महिन्यात कौलं परतायला माणसं मिळता मिळत नाहीत, पडवीचा एक वासा बदलायचा तर सुताराच्या दहा विनवण्या, आणि हा डोंबिवलीत बसून जपानी खेड्यातलं छप्पर सांभाळणार. तिकडे उत्तरेला तर हिवाळ्यात छपरावरचा बर्फ खरवडून काढावा लागतो, नाहीतर घर वाकतं.

आता व्हिसा. ह्या मुद्द्यासाठी मेसेज लिहिणाऱ्याला धरून चोपला पाहिजे, कारण माणसं पैसे घालवतात ती ह्यावर. घर घेतल्याने जपानचा व्हिसा मिळत नाही. शंभर घरं घ्या. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त ९० दिवस, मग परत. आपल्या स्वतःच्या घरातून परत. धंदा काढून राहायचा रस्ता होता, त्याला पूर्वी ५० लाख येन भांडवल पुरायचं, ऑक्टोबर २०२५ पासून ते ३ कोटी येन केलंय. आता काढा हिशेब. परदेशी माणसाला जमीन-घर स्वतःच्या नावावर घेता येतं हे मात्र खरं, ह्या बाबतीत ते आपल्यापेक्षा मोकळे आहेत. आपल्याकडून रिझर्व्ह बँकेच्या नियमात वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवताही येतात. म्हणजे घ्यायला बंदी नाही. पण घराबरोबर शेतजमीन असेल, आणि खेड्यात ती असतेच, तर तिथल्या शेती समितीची परवानगी लागते. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे शेतकरी दाखला मागतात तसंच.

कर्ज अर्ध्या टक्क्याने, हे अर्धं खरं. बदलत्या दराचं गृहकर्ज तिथे बरीच वर्षं अर्ध्या टक्क्याच्या आसपास होतं, मार्च २०२४ मध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेने उणे व्याजदर संपवला, तेव्हापासून चढायला लागलंय. पण ते कर्ज तिथे कायम राहणाऱ्याला, तिथे पगार असणाऱ्याला. तुम्हाला नाही. आणि ज्या घराची किंमत बँकच शून्य धरते त्यावर ती कर्ज देईल कशाला?

घराच्या आकाराबद्दल मेसेजात जे आहे ते धड चूकही नाही आणि बरोबरही नाही. त्याच सरकारी पाहणीच्या २०१८ च्या फेरीत जपानी घराचं सरासरी क्षेत्रफळ ९३ चौरस मीटर, म्हणजे हजार चौरस फूट. स्वतःच्या मालकीचं घर १२० चौरस मीटरच्या आसपास आणि भाड्याचं जेमतेम ४७, म्हणजे पाचशे फूट. टोकियोत सरासरी ६६ आणि तोयामा प्रांतात १४५. मग ‘जपानी घर’ म्हणून तुम्ही नक्की कुठलं धरलंत? आणि मेसेजात कुडाळच्या फ्लॅटचा आकडा जो घेतलाय तो सेलेबल एरियाचा आहे, जिना, लॉबी, भिंती सगळं पकडून. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे विकायचा तो कार्पेट एरिया, त्यात बाहेरच्या भिंती नाहीत, बाल्कनीही नाही. सहाशे फूट म्हणून दाखवलेला फ्लॅट कार्पेटमध्ये साडेचारशेच्या आसपास भरतो. इथला बिल्डर फुगवून सांगतो ही तक्रार रास्तच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण त्यासाठी जपान कशाला, टेप घेऊन जा.

किमतींचं तर बोलायलाच नको. तिथलं खेडं घेतलं आणि इथलं तालुक्याचं गाव, तेही हायवेला लागून. खेड्याशी खेडं लावा, शहराशी शहर लावा. टोकियोच्या २३ प्रभागांत २०२३ मध्ये नवा फ्लॅट सरासरी ११ कोटी येनच्या वर गेला होता, एका येनचे पंचावन्न-साठ पैसे धरले तरी साडेसहा कोटी रुपये. ते मेसेजात नाही. शिवाय तिथली जी किंमत दाखवलीय ती करासाठीच्या मूल्यांकनाची आहे. जपानमध्ये जमिनीचे सरकारी भावच मुख्यतः तीन प्रकारचे असतात, एक दरवर्षी जाहीर होणारा, वारसा करासाठीचा त्याच्या ८० टक्के, आणि मालमत्ता करासाठीचा ७० टक्क्यांच्या आसपास. तिथला सगळ्यात खालचा आकडा आणि इथला बिल्डरने तोंडी सांगितलेला आकडा शेजारी-शेजारी ठेवले की दिसणारच फरक. तोच माणूस इथला रेडी रेकनर का लावत नाही?

आणि आता भावाला. देवगडच्या घरातला तुझा हिस्सा विकायला निघालास तर आधी सामाईक सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या आण. एकट्याचा अविभक्त हिस्सा बाहेरचा माणूस घेणार तो मातीमोलानेच घेणार, कारण पुढची कोर्टकचेरी त्याला करायची असते. त्या पैशात तुला जपानमध्ये एका खेपेला फार तर नव्वद दिवस राहायला एक पडकं घर मिळेल आणि इथे काकांच्या डोक्यावर कोणीतरी एजंट येऊन बसेल. तुला गुंतवणूकच करायची असेल तर कर, तुझा पैसा आहे, पण हिस्स्याला हात लावू नकोस.

आणि मेसेजाखालच्या त्या नंबरवर टोकन पाठवायची कोणाला फारच घाई झाली असेल तर त्याच्याकडे घराचा पूर्ण पत्ता आणि नोंदणी क्रमांक मागा. जपानमध्ये घर-जमिनीच्या नोंदणीचा उतारा फी भरून कोणालाही काढता येतो, मालक असायची गरज नाही. मी त्या नंबरवर मेसेज करून पत्ता मागितला, तर उत्तर आलं, ‘सर, पहले टोकन.’