अर्ज वाचतंय कोण?

ईमेलने नोकरीचा अर्ज म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं म्हणणाऱ्यांना हमखास नोकरी असते. बायोडेटा तयार, पत्ता जाहिरातीतच दिलेला, मग अडलं कुठे, असं ते विचारतात. अडतं मायन्यातच. पत्ता असतो 'करिअर्स' या नावाचा. हे करिअर्स साहेब आहेत की बाई? 'डिअर सर' लिहावं तर मॅडम निघायच्या. 'सर/मॅडम' लिहिलं की त्या तिरक्या रेघेवरूनच कळतं, याला काही पत्ता नाही. आणि 'हाय टीम' लिहायला पंचविशीच्या आत असावं लागतं. नमनालाच घडाभर तेल जळतं.

मग आपलीच टिमकी आपण वाजवायची. घरी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवत नाही म्हणून रोज बोलणी खाणारा मी 'प्रोअ‍ॅक्टिव्ह' होतो. 'स्वतंत्रपणे काम करण्याची आवड' आणि 'सर्वांना सोबत घेऊन काम करण्याची आवड' एकाच वाक्यात नांदायला लागतात. 'बारीकसारीक गोष्टींकडे काटेकोर लक्ष' असं इंग्रजीत ठोकून द्यावं, तर नेमकी त्याच शब्दांखाली लाल रेघ उमटते.

या बाबतीत लिओनार्दो दा विंची नशीबवान. 1482 च्या सुमारास त्याने मिलानचा कारभार हाकणाऱ्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागणाऱ्या पत्राचा मसुदा केला. हलके पूल, तोफा, चिलखती गाड्या असं सगळं क्रमांक घालून मांडलं आणि चित्रंही काढतो, हे पार शेवटी. आज असा अर्ज आधी छाननीच्या सॉफ्टवेअरकडे जातो. ते जाहिरातीतले शब्द बायोडेटात शोधतं. चित्रकाराच्या जागेसाठी हा तोफावाला बहुधा यादीच्या तळाशी गेला असता. म्हणून जाणकार सांगतात, जाहिरातीतलेच शब्द अर्जात पेरा. म्हणजे त्यांचंच त्यांना परत पाठवायचं, फक्त खाली सही आपली.

खरी मेल पाठवण्याआधी मी ती स्वतःला पाठवून बघतो. यात लाजण्यासारखं काही नाही. 1971 साली रे टॉमलिन्सन यांनी नेटवर्कवरून पहिली ईमेल पाठवली तीही स्वतःलाच, एका यंत्रावरून शेजारच्या यंत्रावर. आत काय लिहिलं होतं, ते पुढे त्यांनाही आठवलं नाही. तरी ती मेल उघडली गेली होती, हे महत्त्वाचं.

यानंतर 'सेंड'. जीमेलवर पाठवलेलं मागे घ्यायला फार तर 30 सेकंद मिळतात, तेही आधी सेटिंग बदलून ठेवलं असेल तर. त्या 30 सेकंदांत मी तो अर्ज जितका मन लावून वाचतो, तितका तो आधीही वाचलेला नसतो आणि नंतरही कुणी वाचणार नसतं. अपवाद यंत्रांचा. मजकुरात 'अटॅच्ड' म्हणून फाइल जोडली नाही, तर जीमेल तिथल्या तिथे विचारतं, विसरलात का? इतक्या आपुलकीने माझं पत्र कोणत्याही एचआरने वाचलेलं नाही. प्रमाणपत्रांचे स्कॅन भरमसाट जोडले, तर मेल परत येते. एक तर स्कॅन मुळातच जड, त्यात जोडलेली फाइल वाटेत अक्षरांच्या रूपात जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. ही मेल परत करणारा तो मेलर-डेमन. आजवर सगळ्यांत तत्पर उत्तर मला त्यानेच दिलंय, कारणासकट.

बाकी ठिकाणी शांतता. मी दर थोड्या वेळाने स्पॅमही उघडून बघतो. तिथे मला लॉटरी लागलेली असते, नोकरी लागलेली नसते.

परवा मात्र एक उत्तर आलं. पत्ता 'नो-रिप्लाय'. अर्ज मिळाला, आभार, निवडक उमेदवारांशीच संपर्क साधला जाईल, या ईमेलला उत्तर देऊ नये. मायना होता 'डिअर कॅंडिडेट'. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, त्यांचंही मायन्यातच अडलं होतं. खाली विचारलं होतं, अर्ज करण्याचा अनुभव कसा वाटला? तारे द्या.

मी पाचही दिले. न जाणो, तेवढं तरी कुणी वाचत असेल.