कोशर म्हणजे मंत्र म्हटलेलं जेवण नव्हे

मंडळी, दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की कोशर म्हणजे धर्मगुरूने मंत्र म्हटलेलं जेवण आणि शाकाहारी असेल तर आपोआप कोशर. दोन्ही चुकीचं आहे. कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांत बसणारं अन्न. मी स्वतः बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातली ज्यू, ठाण्यात घरोघरी जाऊन आपल्या नोकरीवाल्या कुटुंबांचा स्वयंपाक करते म्हणून सांगते.

प्रार्थनेने काहीच कोशर होत नाही, जिन्नस आणि पद्धत बघतात. मटण नियमाने कापलेलं लागतं, मग अर्धा तास पाण्यात आणि तासभर जाड मिठात ठेवून रक्त काढायचं, आणि त्यात दही-तूप घालायचं नाही म्हणून तर आपल्याकडे रस्सा नारळाच्या दुधात होतो, मटणाची आणि दूध-दह्याची भांडीसुद्धा वेगळी. मासा खवले आणि पर असलेलाच, म्हणजे रावस चालतो, कोळंबी-खेकडा नाही.

शाकाहारीचं म्हणाल तर पालक-कोथिंबीर मी पान न् पान उजेडात धरून बघते कारण किडा चालत नाही, चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात तो प्राण्याच्या पोटातला पदार्थ) असू शकतं, आणि मटणाच्या कढईत केलेली भाजी दह्यासोबत वाढता येत नाही.

हे पाळणाऱ्याच्या ताटात भलतंच जाऊ नये, म्हणून प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर हे तिथे टाका.