जिम कॅरीच्या चेकचा फॉरवर्ड आणि त्यातून गाळलेली सतरा वर्षं

"गाडीत राहणाऱ्या कफल्लक अमेरिकन नट जिम कॅरीनं स्वतःच्या नावे १ कोटी डॉलरचा चेक लिहून पाकिटात ठेवला. चेकवरच्या तारखेला बरोबर तेवढे पैसे मिळाले. विश्वाकडे मागा, मेहनतीची गरज नाही." वर्षानुवर्षं फिरणारा हा फॉरवर्ड आता माझ्या भाच्यानं एकांकिकेच्या तालमी सोडायचं कारण म्हणून घरात दाखवला. त्यामुळे लिहावंच लागतंय.

चेक लिहिला होता, हे मान्य. १९९७ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात कॅरीनं स्वतःच ते सांगितलं. पण तिथेच ओप्रा म्हणाली, की मेहनत केली तर हे फळतं. त्यावर त्याचं उत्तर होतं, नुसतं मनात चित्र रंगवून सँडविच खायला निघून जाता येत नाही. मुलाखत यूट्यूबवर आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांनी नेमकं हेच वाक्य कापलंय.

"मेहनतीची गरज नाही" हे तर धडधडीत खोटं. टोरोंटोच्या यक यक्स या कॉमेडी क्लबमध्ये तो पंधराव्या वर्षी पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला आणि सपशेल पडला. मग नकलांवर जम बसवला, लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोअर या क्लबमध्ये नाव केलं, विनोदवीर रॉडनी डेंजरफिल्डच्या कार्यक्रमांआधी स्टेज सांभाळलं. आणि चालत्या नकलाच सोडल्या! दुसऱ्यांचे चेहरे करत राहिलो तर आपलं काही उरणार नाही, म्हणून तो तयारीशिवाय स्टेजवर जाऊ लागला आणि प्रेक्षकांच्या शिव्या खाल्ल्या. १९८४ ची 'द डक फॅक्टरी' ही एनबीसीवरची मालिका १३ भागांत संपली. १९९० पासून फॉक्सच्या 'इन लिव्हिंग कलर'मध्ये छोट्या प्रहसनांतून त्यानं फायर मार्शल बिलसारखी पात्रं उभी केली. शरीर, चेहरा, आवाज असा सगळा ऐवज तिथे दर आठवड्याला घासून निघाला. 'एस व्हेंच्युरा'च्या पटकथेवरही लेखक म्हणून त्याचं नाव आहे. तो सिनेमा फेब्रुवारी १९९४ मध्ये चालला आणि मगच, यक यक्समधल्या त्या पहिल्या प्रयोगानंतर सतरा वर्षांनी, त्याचा भाव चढला.

"बरोबर त्याच तारखेला"? चेकवर तारीख होती थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाची, १९९५ सालची, म्हणजे नोव्हेंबर. ज्या 'डम्ब अँड डम्बर'च्या मानधनाशी हा चेक जोडतात, तो डिसेंबर १९९४ मध्येच थिएटरात होता. त्याचं मानधनही तेव्हाच्या बातम्यांत ७० लाख डॉलर आलं होतं. चेक तर कॅरीनं १९९४ मध्ये वारलेल्या वडिलांच्या शवपेटीत ठेवला, म्हणजे त्यावरची तारीख उजाडण्याआधीच.

"अमेरिकन नट" हेही चूक. तो कॅनडातल्या ओंटारिओचा, न्यूमार्केटचा. गाडीत राहण्याची गोष्ट मात्र खरी आहे. वडिलांची नोकरी गेल्यावर सगळं कुटुंबच काही काळ व्हॅनमध्ये राहिलं. पण नोकरी गेल्यानंतरच्या त्या हलाखीच्या काळात घरातल्यांनी, शाळकरी जिमनंसुद्धा, कारखान्यात साफसफाईचं काम केलं.